हद्द कुणाची, ड्रेनेज कुणाचे?

कॅलिफोर्नियात सॅन होजे आणि सांता क्लारा या दोन शहरांच्या सीमेवर व्हॅली फेअर नावाचा मोठा मॉल आहे. सीमेवर म्हणजे सीमेला लागून नव्हे. दोन शहरांची हद्द चक्क मॉलच्या पोटातून जाते. २०१३ च्या मार्च महिन्यात सॅन होजेमध्ये किमान वेतन ताशी १० डॉलर झाले. सांता क्लारामध्ये मात्र राज्याचा ८ डॉलरचा दर चालू राहिला. छत एक, काम एकसारखे, गिऱ्हाईकही तेच. पण एका दुकानातल्या मुलीला तासाला १० डॉलर आणि चार पावलांवरच्या दुकानातल्या मुलीला ८. पलीकडे जास्त मिळते म्हटल्यावर कामगार दुकाने बदलू लागले आणि मालक हद्दीचा नकाशा काढून बसले.

अशी हद्द कुणी आखली असेल, असा प्रश्न पडतोच. आम्ही शाळेत भूगोल शिकवतो. हद्द नदीने ठरते, डोंगराने ठरते, नाहीतर जुन्या वहिवाटीने ठरते, असे मुलांना सांगतो. सॅन होजेच्या नकाशाला यातले काहीच लागू पडत नाही. कागदावर दौत कलंडावी तशी त्या शहराची आकृती आहे. कुठे लांब शेपटी निघालेली, कुठे मध्येच भोक. बरबँक आणि अ‍ॅलम रॉक ही अशीच भोके. चारही बाजूंनी सॅन होजे, पण ही वस्ती सॅन होजेची नाही. तिचा कारभार काउंटी पाहते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा.

हा नकाशा निसर्गाने घडवलेला नाही. १९५० ते १९७० या वीस वर्षांत शेजारी शहरांनी एकमेकांवर कुरघोडी करत बागायती जमीन आपापल्या पदरात ओढली, त्याची ती खूण आहे. आज त्या खोऱ्याला सारे जग सिलिकॉन व्हॅली म्हणते. महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली मुले तिथे नोकरीला आहेत. आपल्या मोहल्ल्यांतूनही गेली आहेत. ईदच्या दिवशी व्हिडिओ कॉल येतो तो सनीव्हेलहून किंवा मिलपिटासहून. पण त्या गावांची नावे वेगवेगळी का राहिली, ती एकाच शहरात का विरघळली नाहीत, हे तिथे राहणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

आलुबुखाऱ्याचे खोरे

सॅन होजे हे जुने गाव. १७७७ मध्ये स्पॅनिश राजवटीत वसलेले. भोवतालचे सांता क्लारा खोरे म्हणजे काळीभोर, सपाट, पाण्याने समृद्ध जमीन. तिथे आलुबुखारा, जर्दाळू, चेरी आणि नासपती यांच्या बागा मैलोनमैल पसरलेल्या होत्या. आपण बिर्याणीत मोजून चार घालतो तो आलुबुखारा तिथे टनांनी सुकवला जाई. गावात फळे डबाबंद करण्याचे कारखाने होते. हंगामात बायाबापड्या रात्रपाळी करत. १९५० च्या जनगणनेत सॅन होजेची लोकसंख्या होती ९५,२८० आणि क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस मैल, म्हणजे ४४ चौरस किलोमीटर.

त्याच वर्षी अँथनी हॅमन हे गृहस्थ सिटी मॅनेजर झाले. लोक त्यांना 'डच' हॅमन म्हणत. सिटी मॅनेजर म्हणजे आपल्या महापालिका आयुक्तासारखे पद. फरक इतकाच, की तिथे त्याची नेमणूक सरकार करत नाही, निवडून आलेले कौन्सिल करते. महायुद्ध संपलेले, सैनिक घरी परतलेले, घरांसाठी स्वस्त सरकारी हमीचे कर्ज उपलब्ध, मोटारी वाढलेल्या. लोक जुन्या शहराबाहेर बंगलीवजा घरे घेऊ लागले होते. हॅमन आणि त्यांच्या पाठीशी असलेले व्यापारी यांचा हिशेब साधा होता: उपनगरे आपल्या हद्दीबाहेर उभी राहिली तर कमावती माणसे तिकडे जातील, कर तिकडे जाईल आणि आपल्याकडे जुनी गटारे, म्हातारे रस्ते आणि गरिबी तेवढी उरेल. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कित्येक शहरांचे तसे झालेच होते. म्हणून उपनगर जिथे होणार तिथे शहराने आधीच जाऊन बसायचे.

हा हिशेब चुकीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आक्षेप आहे तो पद्धतीवर.

व्यापाऱ्यांच्या बाजूने स्थानिक वर्तमानपत्रही होते. त्याचे मालक जोसेफ रिडर यांच्या नावावर एक वाक्य सांगितले जाते. आलुबुखाऱ्याची झाडे काही वर्तमानपत्र विकत घेत नाहीत, अशा अर्थाचे. माणसे वाढली तर खप वाढेल, असा त्याचा सरळ अर्थ. शहरवाढीच्या बातम्या कुठल्या सुरात छापल्या जात असतील, याचा अंदाज यावरून वाचकांनी करावा.

जमीन पोटात घालण्यासाठी हॅमन यांनी कर्मचाऱ्यांचे एक खास पथकच तयार केले. शेजारच्या गावांनी त्याला नाव दिले पँझर डिव्हिजन. हिटलरच्या रणगाडा दळाचे हे नाव महायुद्ध संपून पाच-दहा वर्षेच झालेल्या काळात कुणाला तरी देणे, यावरून शेजाऱ्यांच्या मनातली भीती आणि चीड कळते.

या पथकाच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार म्हणजे १९३९ चा एक कायदा. ज्या जमिनीवर १२ पेक्षा कमी नोंदलेले मतदार राहतात ती जमीन कायद्याच्या भाषेत 'निर्जन' समजावी, आणि ती शहरात घ्यायला मतदान लागू नये, असे त्यात होते. निम्म्या किमतीच्या जमिनीच्या मालकांनी लेखी विरोध केला तरच काम अडे. आता फळबागेत असे किती मतदार राहणार? शंभर एकरांच्या बागेत एक घर. म्हणजे माणसे राहत असूनही जमीन निर्जन! कायद्याच्या शब्दांचा असा उपयोग पाहून आमच्यासारख्या भाषा शिकवणाऱ्याला हसू येते, पण ज्याची बाग गेली त्याला आले नसेल.

दुसरी अट होती ती जमीन शहराला चिकटलेली असण्याची. त्यावर तोड निघाली रस्त्याची. शहराने रस्त्याच्या कडेने एक चिंचोळी पट्टी ताब्यात घ्यायची, ती दोन-चार मैल पुढे न्यायची, आणि मोठा चौक किंवा बाजार होणारी जागा आली की तिथे पसरायचे. चौक का, तर विक्रीकर. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कॅलिफोर्नियात दुकानातल्या विक्रीवरचा एक टक्का कर त्या त्या शहराला मिळू लागला. मग ज्याच्या हद्दीत दुकान, त्याच्या गल्ल्यात पैसा. व्हॅली फेअर हा मॉल १९५६ चा. त्या रस्त्यावर सॅन होजे आणि सांता क्लारा कसे एकमेकांना भिडले, याचा साक्षीदार तो आजही उभा आहे. नकाशावरच्या शेपट्या अशा आल्या, आणि ज्यांनी नकार दिला त्यांना वळसा घालून पुढे गेल्यामुळे भोके पडली.

तिसरे हत्यार होते ड्रेनेजचे. पिण्याचे पाणी सॅन होजेत बव्हंशी खासगी कंपनी पुरवत असे, त्यामुळे त्यावर शहराचा जोर नव्हता. पण मैलापाण्याची मोठी लाइन आणि १९५६ मध्ये सुरू झालेले शुद्धीकरण केंद्र शहराचे. नियम असा, की लाइन हवी असेल तर आधी हद्दीत या. बिल्डरला शंभर घरे बांधायची असतील तर शोषखड्ड्यांवर काम भागत नाही. त्यामुळे शेतकरी जमीन विकणार, बिल्डर ती घेणार आणि तोच शहराकडे विलीनीकरणाचा अर्ज करणार, अशी साखळी तयार झाली. वीस वर्षांत सुमारे १४०० वेळा सॅन होजेने आपली हद्द वाढवली. म्हणजे सरासरी दर पाच-सहा दिवसांनी एकदा! १९७० मध्ये शहर १३६ चौरस मैलांच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे चौरस किलोमीटर झाले होते आणि लोकसंख्या साडेचार लाखांच्या घरात गेली होती.

एक गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून विशेष वाटली. तिथे पूर्वी शहराची हद्द वाढली की शाळांचा कारभारही शहराच्या शिक्षण मंडळाकडे जाई. अमेरिकेत शाळा चालतात त्या मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर. हद्द सरकली की गावच्या शाळेचा कर गेला, शाळेचा ताबा गेला. म्हणून हॅमन यांना सर्वांत चिवट विरोध होत होता तो खेड्यांतल्या शाळा मंडळांचा आणि पालकांचा. यावर उपाय म्हणून राज्याच्या कायद्यातच बदल करून घेण्यात आला. शहराची हद्द वेगळी, शाळा मंडळाची वेगळी. पालकांचा विरोध त्याच दिवशी थंडावला. शाळा आपलीच राहणार असेल तर शहर कुठलेही असो! त्या एका दुरुस्तीमुळे आज सॅन होजे या एका शहरात दीड डझनाहून अधिक शाळा मंडळे आहेत. श्रीमंत भागाचे वेगळे, गरीब भागाचे वेगळे.

शेजारी जागे होतात

आपल्याकडे गाव महापालिकेत घ्यायचे की नाही हे राज्य सरकार ठरवते. अधिसूचना निघते, हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि बहुतेक वेळा व्हायचे तेच होते. कॅलिफोर्नियात मात्र वस्तीतल्या लोकांना स्वतःच मतदान करून 'आम्ही आजपासून शहर' असे जाहीर करण्याची सोय होती. एकदा तुम्ही शहर झालात की दुसरे शहर तुमच्या संमतीशिवाय तुम्हाला गिळू शकत नाही. सॅन होजेच्या धास्तीने खोऱ्यात ही लाटच आली. १९५२ मध्ये कॅम्पबेल आणि लॉस आल्टोस. १९५४ मध्ये मिलपिटास. १९५५ मध्ये कूपर्टिनो, जिथे आज अ‍ॅपल कंपनीचे मुख्यालय आहे. १९५६ मध्ये सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स, १९५७ मध्ये माँटे सेरेनो. यातली बरीचशी त्या वेळी एक चौक, एक चर्च आणि दोन किराणा दुकाने एवढीच होती. सॅराटोगावाल्यांचा तर नाराच गाव गावासारखे ठेवण्याचा होता. मात्र त्यात केवळ निसर्गप्रेम होते असे समजू नये. मोठे भूखंड, महाग घरे आणि गरीब कुटुंबाला जागा नाही, हाही त्या गावपणाचा अर्थ होता.

या सर्वांत मिलपिटासची कथा आम्हाला सर्वाधिक सांगावीशी वाटते.

मिलपिटास हे सॅन होजेच्या उत्तरेचे खेडे. फोर्ड कंपनीने आपला मोटार जोडणीचा कारखाना रिचमंड या गावाहून तिथे हलवायचे ठरवले. एवढा मोठा कारखाना म्हणजे एवढा मोठा कर. तो सॅन होजेच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी २६ जानेवारी १९५४ रोजी शहर स्थापन केले आणि कारखाना आपल्या हद्दीत बसवला. १९५५ मध्ये तो सुरू झाला. गंमत अशी, की फोर्डने त्याचे नाव ठेवले सॅन होजे असेंब्ली प्लँट. नाव एकाचे, कर दुसऱ्याला.

पण रिचमंडच्या कारखान्यात सुमारे १४०० कामगार होते आणि त्यांत अडीचशेच्या आसपास काळे होते. युनियनने त्या सर्वांना नव्या कारखान्यात घेण्याचा करार करून घेतला. गोऱ्या कामगारांना नव्या वसाहतींत घरे मिळाली. काळ्यांना कुणी घर देईना. सरकारी गृहकर्ज हमी देणारी संस्थाच तेव्हा काळ्यांना खुल्या असलेल्या वसाहतींना हमी नाकारत असे. रिचमंड ते मिलपिटास अंतर सुमारे ७५ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन दीडशे.

युनियनच्या गृहनिर्माण समितीचे प्रमुख होते बेन ग्रॉस. ते स्वतः कारखान्यातले काळे कामगार. समितीने क्वेकर पंथीयांच्या एका सेवाभावी संस्थेच्या मदतीने सर्व वंशांच्या कुटुंबांसाठी खुली वसाहत बांधायचे ठरवले. पहिली जागा पाहिली, तर काउंटीने ती जमीन औद्योगिक म्हणून राखून टाकली. दुसरी जागा माउंटन व्ह्यू गावाजवळ पाहिली, तर तिथे प्रत्येक भूखंडाचे किमान क्षेत्रफळ ६००० वरून ८००० चौरस फूट केले गेले. म्हणजे कामगाराला परवडूच नये. अखेर मिलपिटासमध्येच जागा मिळाली. तिथे शेजारी एक विकासक केवळ गोऱ्यांसाठी घरे बांधत होता. मग मिलपिटासच्या मैलापाणी मंडळाने ड्रेनेज जोडणीचे शुल्क एकदम दहापटींच्या आसपास वाढवले.

घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांना ते ठाऊक आहे, आणि आजही नाव ऐकून 'फ्लॅट कालच गेला' असे उत्तर मिळालेल्या आमच्या तरुण विद्यार्थ्यांना ते ठाऊक आहे. पण मिलपिटासच्या कथेत लक्ष द्यावे ते एका गोष्टीकडे. तिथे कुणी तोंडावर 'तुम्ही नको' म्हटले नाही. जमिनीचा झोन बदलला, भूखंडाचे माप बदलले, नळाचा दर बदलला. सारे कागदोपत्री, सारे नियमात. हद्द ज्याच्या हातात, त्याच्या हातात हे सगळे असते. म्हणूनच हद्दीसाठी एवढी झुंज.

युनियन हटली नाही. तिने त्या विकासकाच्या घरांवर बहिष्कार पुकारला, प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत नेले. हे महाधिवक्ता एडमंड ब्राउन पुढे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. त्यांनी चौकशी सुरू केली. शेवटी त्या विकासकाने आपली जमीन विकून काढता पाय घेतला आणि सनीहिल्स ही मिश्र वसाहत उभी राहिली. मात्र या दिरंगाईत घरांचा खर्च इतका वाढला, की ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्यांतल्या अनेक काळ्या कामगारांना ती घरे घेता आली नाहीत. हा भाग सहसा गाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो.

१९६१ मध्ये सॅन होजेने मिलपिटासलाच आपल्यात सामावून घेण्याचा प्रयत्न केला. मतदान ठरले. विरोधकांनी स्वतःला मिनिटमेन म्हणवून घेतले. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात हाक आली की मिनिटभरात बंदूक घेऊन निघणाऱ्या शेतकरी स्वयंसेवकांना हे नाव होते. मिलपिटासच्या मतदारांनी फार मोठ्या बहुमताने विलीनीकरण फेटाळले. आजही त्या शहराच्या मुद्रेवर मिनिटमनचे चित्र आहे. या विरोधात बेन ग्रॉस पुढे होते, आणि त्याच वर्षी ते सिटी कौन्सिलवर निवडून आले. १९६६ मध्ये ते मिलपिटासचे महापौर झाले. कॅलिफोर्नियातल्या पहिल्या काळ्या महापौरांपैकी ते एक. ज्या गावाने त्यांच्या लोकांच्या ड्रेनेजचा दर दहापट केला, त्याच गावाची हद्द राखायला तो माणूस उभा राहिला. त्यांनी असे का केले असेल? आमचा अंदाज असा, की सॅन होजेच्या लाखांच्या गर्दीत सनीहिल्सच्या मतांना किंमत राहिली नसती. लहान गावात ती होती. पदरात पडलेली गोष्ट लहान असली तरी ती सोडायची नसते.

अल्विसोला हे भाग्य लाभले नाही. समुद्राच्या खाडीच्या टोकाशी असलेले हे जुने बंदर १८५२ पासून स्वतंत्र शहर होते. वस्ती लहान, गरीब, बरीचशी मेक्सिकन वंशाची. सॅन होजेला ते हवे होते, कारण शुद्धीकरण केंद्र त्याच बाजूला आणि खाडीकडे जाणारी वाटही तीच. १९६८ मध्ये रस्ते, ड्रेनेज, पुरापासून संरक्षण अशी आश्वासने देण्यात आली आणि अवघ्या काही मतांच्या फरकाने अल्विसो सॅन होजेत गेले. खोऱ्यातल्या बागा आणि शहरे अनेक दशके जमिनीतले पाणी उपसत राहिली होती, त्यामुळे जमीन अक्षरशः खचली होती. अल्विसो समुद्रसपाटीच्या खाली गेले होते. १९८३ मध्ये पूर आला आणि सारे गाव पाण्याखाली गेले. विलीनीकरणाच्या वेळची आश्वासने कुठे गेली, हा प्रश्न तिथले लोक नंतर कित्येक वर्षे विचारत होते.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची इथे आठवण होतेच. शहराचा कचरा आधी गावात आला, गाव शहरात नंतर आले. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने ११ गावे घेतली त्यांत ही दोन होती. २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. पुढे मालमत्ता कर वाढला आणि सोयी आल्या नाहीत, अशी ओरड झाली व ही दोन गावे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद करण्याचा निर्णय झाला. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

शेतकऱ्याचे काय झाले?

सर्वच बागायतदार विकायला उत्सुक नव्हते. १९५४ च्या सुमारास काही शेतकरी आणि गोठेवाले काउंटीकडे गेले आणि आमची जमीन केवळ शेतीसाठी राखीव करा म्हणाले. काउंटीच्या नियोजन विभागाचे प्रमुख कार्ल बेल्सर यांनी त्यांना साथ दिली. १९५५ मध्ये राज्याने कायदाही केला, की अशी राखीव जमीन मालकाच्या संमतीशिवाय कुठल्याही शहराने घेऊ नये. काही काळ त्याचा उपयोग झाला. पण शेजारी घरे उभी राहिली की जमिनीचा भाव वाढे, भाव वाढला की कर वाढे, आणि आलुबुखाऱ्याच्या उत्पन्नातून तो भरणे जमेना. शिवाय खरे सांगायचे तर काहींनी राखीव क्षेत्राचा उपयोग भाव चढेपर्यंत थांबण्यासाठीच केला. बेल्सर यांनी नंतर या साऱ्या प्रकारावर फार कडवट शब्दांत लिहिले. बागा गेल्या त्या गेल्याच.

१९६३ मध्ये राज्याने प्रत्येक काउंटीत शहरांच्या हद्दींचे निवाडे करणारा एक स्थानिक आयोग नेमला. त्यानंतर शेजारी शहरांनी कुणी कुठवर यायचे याचे आपसांत करार केले. पट्ट्या ओढण्याचा खेळ संपला. १९६९ मध्ये हॅमन पायउतार झाले. १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावर दोन विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. त्या भीषण अपघातात ५८३ माणसे गेली, त्यांत हॅमन पती-पत्नी होते.

१९७१ मध्ये नॉर्मन मिनेटा सॅन होजेचे महापौर झाले. लहानपणी, महायुद्धाच्या काळात, केवळ जपानी वंशाचे म्हणून ते कुटुंबासह छावणीत कोंडले गेले होते. त्यांच्यानंतर आलेल्या जॅनेट ग्रे हेज यांनी तर शहर मोठे करण्याआधी बरे करू या, असेच सांगून निवडणूक जिंकली. १९९६ मध्ये शहराने आपल्या वाढीला बाहेरची रेषाच आखून घेतली.

आता हिशेब पाहू. जमीन सर्वांत जास्त कुणी मिळवली? सॅन होजेने. फायदा कुणाला झाला? इथे मामला उलटा आहे. सॅन होजेने घरे जमवली आणि शेजाऱ्यांनी कंपन्या. घर म्हटले की शाळा, रस्ता, अग्निशमन, पोलीस, कचरा, खर्चच खर्च. कंपनी कर देते आणि संध्याकाळी दिवे मालवते. त्यातच १९७८ मध्ये राज्यातल्या मतदारांनी मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला आणि घरांपासूनचे उत्पन्न आणखी आटले. सॅन होजेहून रोज सकाळी लाखो माणसे माउंटन व्ह्यू, पालो आल्टो, सनीव्हेल, सांता क्लारा इकडे कामाला जातात आणि झोपायला परत येतात. इतक्या मोठ्या शहराची लोकसंख्या दिवसा घटावी, असे उदाहरण अमेरिकेत विरळा. पथक नेमून जमिनी गोळा केल्या आणि अखेर शेजाऱ्यांच्या नोकरदारांचे शयनगृह झाले.

आणि ड्रेनेज? १९५९ पासून सांता क्लारा त्या शुद्धीकरण केंद्राचे भागीदार आहे. मिलपिटास, कॅम्पबेल, कूपर्टिनो, सॅराटोगा, माँटे सेरेनो, सॅन होजेच्या भीतीने जी जी गावे शहर झाली त्यांतल्या बहुतेकांचे मैलापाणी आज पैसे मोजून तिथेच जाते. ते केंद्र अल्विसोला आहे.

मिलपिटासचा फोर्ड कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. त्याच इमारतीत १९९४ पासून ग्रेट मॉल नावाचा बाजार भरतो. शहराची लोकसंख्या आता ८०,००० च्या आसपास आहे आणि तिच्यात निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे आहेत. आपल्याकडची कुटुंबेही त्यांत आहेत.

ज्यांची मुले-मुली तिकडे निघाली आहेत त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. भाड्याचे घर पाहताना पत्त्यावर 'सॅन होजे' लिहिले आहे एवढ्यावर जाऊ नये. शहराच्या पश्चिम भागातली बरीच घरे सॅन होजेत असूनही कूपर्टिनोच्या शाळा मंडळात येतात. त्या शाळा नावाजलेल्या, म्हणून तिथले भाडे रस्त्यापलीकडच्या तशाच घरापेक्षा बरेच जास्त असते. घरमालकाच्या शब्दावर न राहता त्या घर क्रमांकाची शाळा कोणती, हे शाळा मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावे आणि मगच करारावर सही करावी.